बालपरवेशीचा हक्क: कॅनडात सैनिकाच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी मिळणारे साहाय्य

मराठ्यांच्या जुन्या दफ्तरांत 'बालपरवेशी' असा एक शब्द आढळतो. लढाईत कामास आलेल्या शिपायाच्या मागे राहिलेल्या मुलांच्या पालनपोषणासाठी सरकारातून जी नेमणूक करून दिली जाई, तिला हे नाव होते. आणि ज्या राज्याला आपल्या शिपायाच्या रक्ताचे मोल कळत होते, त्या राज्याला ती नेमणूक दयाबुद्धीने दिलेली भिक्षा वाटत नसे, तर दौलतीवर बसलेला न्याय्य बोजा वाटत असे. आज कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणशुल्काविषयी वारंवार जी विचारणा होते, तिचे उत्तर देताना हा शब्द प्रथम आठवावा, याचे कारण असे की, ज्याला आपण हक्क समजतो त्याची मागणी आपण ताठ मानेने व वेळेवर करतो, आणि ज्याला उपकार समजतो त्याची मागणी संकोचाने पुढे ढकलत राहतो. पुढे ढकललेली मागणी या विषयात पुष्कळदा कायमची बुडते.

ही विचारणा अलीकडे वाढण्यास कारणही तसेच आहे. नोव्हेंबर २०२२ पासून कॅनडाच्या सैन्यदलांत नागरिकत्व मिळण्यापूर्वीच, स्थायी रहिवासी असतानाही भरती होता येते. त्यामुळे जी वाट पूर्वी आपल्या मुलांना दूरची वाटे ती आता दारापर्यंत आली आहे. त्याचबरोबर अमेरिकेतील आप्तेष्टांकडून तेथील शुल्कमाफीच्या वार्ता कानी येतात, भारतात फौजेत सेवा केलेल्या आजोबांच्या निवृत्तिवेतनाचे कागद घरात असतात, आणि या तिन्ही देशांचे नियम एकमेकांत मिसळून कुटुंबे संभ्रमात पडतात. तो संभ्रम दूर करावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा

कोणताही अर्ज हाती घेण्यापूर्वी आपण पुढील तीन प्रश्नांची उत्तरे एका कागदावर स्पष्ट लिहून ठेवावीत. आपली वाट या उत्तरांवरूनच ठरते.

१. सेवा कोणत्या देशाच्या सैन्यात झाली? ज्या सरकारची चाकरी, त्याच सरकारवर हक्क, हा सर्वसाधारण नियम आहे. विद्यार्थी आज कोठे राहतो, यावरून हा प्रश्न सुटत नाही.

२. ज्या माता किंवा पित्याच्या सेवेवरून आपण हक्क सांगता, ते हयात आहेत की दिवंगत? कॅनडात हा प्रश्न अत्यंत निर्णायक आहे.

३. मृत्यू झाला असल्यास तो सेवेमुळे झाला काय? आणि तसा नसल्यास, मृत्यूसमयी त्यांच्या नावे सेवाजन्य अपंगत्वाची किती टक्केवारी सरकारदरबारी नोंदलेली होती?

केंद्र सरकारचे शिक्षणसाहाय्य

दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांची मुले महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर येऊ लागली, तेव्हा १९५३ साली कॅनडाच्या संसदेने युद्धात मृत झालेल्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. काटकसरीच्या धोरणापायी १९९५ साली ही योजना नव्या अर्जदारांसाठी बंद करण्यात आली, आणि पुढे २००३ साली कायद्यात दुरुस्ती करून ती पुन्हा सुरू झाली. जुन्या परिचितांकडून 'ती योजना कधीच बंद पडली' असे आपण ऐकले असेल, तर ते या मधल्या आठ वर्षांचे स्मरण होय. योजना आज चालू आहे, आणि तिचा कारभार 'व्हेटरन्स अफेअर्स कॅनडा' हे खाते पाहते.

या साहाय्यासाठी पुढील अटी आहेत:

- माता अथवा पिता कॅनडाच्या सैन्यदलांत सेवेत असलेले किंवा माजी सैनिक असले पाहिजेत, आणि ते दिवंगत असले पाहिजेत.
- त्यांचा मृत्यू लष्करी सेवेमुळे झालेला असावा; किंवा मृत्यूचे कारण कोणतेही असले, तरी मृत्यूसमयी त्यांचे सेवाजन्य अपंगत्व ४८ टक्के अथवा त्याहून अधिक ठरविलेले असावे.
- विद्यार्थ्याने कॅनडातील उच्च माध्यमिक शिक्षणानंतरच्या संस्थेत, म्हणजे विद्यापीठ, महाविद्यालय किंवा तंत्रशिक्षणसंस्थेत, पूर्णवेळ शिक्षण घेतले पाहिजे.
- योजनेस वयोमर्यादा आहे, आणि तिशी ही तिची अखेरची सीमा आहे. अभ्यासक्रम लवकर सुरू करणे इष्ट. 'काही वर्षे नोकरी करून मग पाहू' हा विचार येथे महागात पडू शकतो.

साहाय्याचे स्वरूप दुहेरी आहे: शिक्षणशुल्कासाठी एका ठराविक वार्षिक मर्यादेपर्यंत रक्कम, आणि शिक्षण चालू असेतोपर्यंत निर्वाहासाठी मासिक भत्ता. मुदत जास्तीत जास्त चार वर्षांची अथवा ३६ शैक्षणिक महिन्यांची असते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, ही शब्दशः शुल्कमाफी नव्हे. महाविद्यालय आपले शुल्क आकारते आणि सरकार त्यापोटी ठराविक मर्यादेपर्यंत पैसे देते. म्हणून वैद्यक, दंतवैद्यक किंवा अन्य महागड्या अभ्यासक्रमाचे शुल्क त्या मर्यादेच्या वर गेल्यास वरची रक्कम कुटुंबालाच भरावी लागते. त्या वर्षाची मर्यादा खात्याकडून लेखी मागवून घ्यावी आणि मगच खर्चाचा अंदाज बांधावा.

४८ टक्के या आकड्याचे मर्म

पन्नास नाही, पंचेचाळीस नाही, हा ४८ चा आकडा आला कोठून, असे अनेक वाचक विचारतात. जुन्या पेन्शन कायद्याच्या परिशिष्टात अपंगत्वाच्या श्रेणी लावलेल्या आहेत, आणि त्यांतील अकरावी श्रेणी ४८ ते ५२ टक्क्यांची आहे. म्हणजे ढोबळ मानाने 'निम्मे अपंगत्व' असे ज्याला म्हणता येईल, त्या श्रेणीचे हे खालचे टोक होय. २००६ नंतरच्या नव्या कायद्याखाली, आणि एप्रिल २०१९ पासून 'पेन अँड सफरिंग कॉम्पेन्सेशन' या नावाने, जे अपंगत्वाचे मूल्यमापन होते, तेही जुन्या पेन्शनच्या टक्केवारीबरोबर हिशेबात धरले जाते.

या आकड्याचे व्यावहारिक मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कल्पना करा की एका माजी सैनिकाच्या गुडघ्यांच्या दुखापतीसाठी २० टक्के आणि श्रवणशक्तीच्या हानीसाठी १० टक्के अपंगत्व नोंदलेले आहे. मोहिमेवरून परतल्यापासून त्याला रात्री झोप नाही, मन थाऱ्यावर नाही. परंतु चारचौघांत बोभाटा नको म्हणून त्या मानसिक व्याधीचा अर्ज त्याने कधी केलाच नाही. पुढे हृदयविकाराने त्याचे निधन होते. नोंदीतली टक्केवारी ३० राहते आणि मुलाचा अर्ज नामंजूर होतो. तीच मानसिक व्याधी हयातीत नोंदली जाऊन तिचे २० टक्के मिळाले असते, तर बेरीज ५० झाली असती, आणि त्याच मुलाला चार वर्षांच्या शिक्षणाचा आधार मिळाला असता.

या लेखातून आपण एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ती ही ठेवावी: मुलाच्या हक्काचा कागद बहुधा माता-पित्याच्या हयातीत तयार होतो. दुखणे लपविणारा बाप आपल्या मुलांवरचा भार हलका करतो आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो त्यांच्या वाट्याचा आधार काढून घेत असतो.

माता-पिता अपंग आहेत, पण हयात आहेत

आमच्या वाचकांच्या मनातील सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. अमेरिकेतील अनेक संस्थानांत हयात असलेल्या अपंग माजी सैनिकाच्या मुलांनाही सरकारी विद्यापीठांत शुल्कमाफी मिळते. कॅनडाच्या केंद्र सरकारची वर सांगितलेली योजना मात्र फक्त दिवंगतांच्या मुलांसाठी आहे. माता-पिता हयात असल्यास आपण पुढील मार्ग पाहावेत:

- अपंगत्वाचे मूल्यमापन पूर्ण करून घ्या. प्रत्येक सेवाजन्य व्याधीचा अर्ज करा. जुनी व्याधी बळावली असेल तर फेरमूल्यमापन मागा. अशा अर्जास सेवा संपून किती वर्षे लोटली याची आडकाठी नसते. मिळणारे वेतन हा तात्कालिक लाभ. नोंदली जाणारी टक्केवारी हा मुलांचा दूरचा लाभ.
- सैनिकाच्या स्वतःच्या शिक्षणाचा लाभ वेगळा आहे, हे ओळखा. एप्रिल २०१८ पासून सहा वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकास ४०,००० डॉलरपर्यंत आणि बारा वर्षे झालेल्यास ८०,००० डॉलरपर्यंत शिक्षणासाठी मिळू शकतात, आणि हे आकडे महागाईनुसार वाढत जातात. परंतु हा लाभ त्याच्या स्वतःच्या शिक्षणासाठी आहे, तो मुलाच्या नावे करून देता येत नाही. अमेरिकेत तसे करता येते म्हणून येथेही येईल, असे गृहीत धरू नये.
- कॅनडा पेन्शन प्लॅनचा मुलांचा लाभ मागा. माता अथवा पिता या योजनेतून अपंगत्व-वेतन घेत असतील, किंवा वर्गणीदार म्हणून दिवंगत झाले असतील, तर १८ ते २५ वयाच्या शिकणाऱ्या मुलास दरमहा ठराविक रक्कम मिळते. जानेवारी २०२५ पासून अर्धवेळ शिकणाऱ्यांनाही निम्म्या दराने ती मिळू लागली आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाने स्वतःच्या नावे अर्ज करावयाचा असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. क्वेबेक प्रांताची निवृत्तिवेतन-योजना वेगळी आहे. तेथील नियम स्वतंत्रपणे पाहावेत.
- शिष्यवृत्त्यांचे अर्ज करा. 'सपोर्ट अवर ट्रूप्स' या निधीतून सेवेतील व माजी सैनिकांच्या कुटुंबीयांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. १९२५ साली स्थापन झालेल्या रॉयल कॅनेडियन लीजनच्या प्रांतिक मंडळांकडून व स्थानिक शाखांकडून माजी सैनिकांच्या मुलांना, आणि अनेक ठिकाणी नातवंडांनाही, शैक्षणिक मदत मिळते. नोव्हेंबर महिन्यात आपण छातीवर जे लाल पॉपीचे फूल लावतो, त्यासाठी दिलेल्या देणग्यांचा पैसा या कामी येऊ शकतो.
- विद्यार्थ्यांसाठीची सर्वसाधारण सरकारी अनुदाने विसरू नका. आपल्या प्रांताच्या विद्यार्थी-साहाय्य दफ्तरात केलेल्या एकाच अर्जावर प्रांताचे व केंद्राचे साहाय्य ठरते. क्वेबेकची व्यवस्था येथेही निराळी आहे. अनुदान परत करावयाचे नसते, कर्ज करावयाचे असते. मंजुरीपत्रात दोन्ही आकडे वेगवेगळे वाचावेत.

विद्यापीठांची प्रत्यक्ष शुल्कमाफी: प्रोजेक्ट हीरो

खऱ्या अर्थाने जिला शुल्कमाफी म्हणावे, ती विद्यापीठांच्या स्वतःच्या निर्णयातून आलेली आहे. अफगाणिस्तानच्या मोहिमेत कॅनडाचे १५८ सैनिक मृत्यू पावले. ती मोहीम चालू असताना २००९ साली केव्हिन रीड या मानद लेफ्टनंट कर्नल असलेल्या गृहस्थांनी ही कल्पना मांडली, आणि माजी सरसेनापती जनरल रिक हिलियर यांनी ती उचलून धरली. हिलियर त्या वेळी न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाचे कुलपती होते. पुढे ही प्रथा देशभरच्या अनेक विद्यापीठांत व महाविद्यालयांत पसरली.

हिच्या अटी सामान्यतः अशा असतात: माता अथवा पिता सक्रिय मोहिमेवर असताना मृत्यू पावलेले असावेत, विद्यार्थी सैन्यदलांनी मान्य केलेला आश्रित असावा, वय बहुतेक ठिकाणी २६ च्या आत असावे, आणि माफी पदवीपूर्व शिक्षणाच्या चार वर्षांपुरती असावी. परंतु हा कायदा नसून प्रत्येक संस्थेचा स्वतंत्र ठराव आहे. म्हणून कोणी केवळ शुल्क माफ करते, तर कोणी पुस्तके वा निवासाचाही भार उचलते. कोणाची योजना एका वर्षी चालू असते आणि पुढे बदलते. प्रवेश घेण्यापूर्वीच विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयास पत्र लिहून पुढील चार गोष्टी लेखी विचाराव्यात:

- ही माफी आपल्या संस्थेत आज चालू आहे काय?
- सरावातील वा देशांतर्गत सेवेतील मृत्यू तिच्या कक्षेत येतो काय?
- माफीत कोणकोणती शुल्के समाविष्ट आहेत?
- केंद्र सरकारचे शिक्षणसाहाय्य मिळत असल्यास दोन्हींचा मेळ कसा घातला जातो?

सरावाच्या वेळी अपघाती मृत्यू आलेल्या सैनिकांचे कुटुंबीय विद्यापीठाकडून नकार आला की खचून जातात आणि पुढे काहीच करीत नाहीत. असे करू नये. विद्यापीठाची अट मोहिमेपुरती असली, तरी केंद्राच्या कायद्याची कसोटी 'सेवेमुळे मृत्यू' ही आहे, आणि ती अधिक व्यापक आहे.

सेवा भारतीय सैन्यात झाली असेल तर

आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा फौजेशी असलेला संबंध सातारा, कोल्हापूर, सांगली किंवा कोकण येथील आहे. भारतीय सेनेत धारातीर्थी पडलेल्या अथवा अपंग झालेल्या सैनिकाचा मुलगा वा मुलगी कॅनडात शिकत असल्यास कॅनडाच्या वरील योजनांचा लाभ मिळत नाही, हे मनाला लागले तरी स्पष्ट सांगितले पाहिजे.

भारत सरकारची योजना १९७१ च्या युद्धानंतर सुरू झाली. युद्धात मृत, बेपत्ता किंवा कायमचे अपंग झालेल्यांच्या मुलांचे शिक्षणशुल्क, वसतिगृहाचा खर्च, पुस्तके व गणवेश यांचा भार ती पहिल्या पदवीपर्यंत उचलते. २०१७ साली तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली होती. तीव्र नापसंती व्यक्त झाल्यावर मार्च २०१८ मध्ये ती उठविण्यात आली. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, 'अपंग पण हयात' या सैनिकाच्या मुलांना भारतात स्थान आहे, जे कॅनडाच्या केंद्रीय योजनेत नाही. मात्र ही सवलत भारतातील शिक्षणासाठी आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेतही, जिच्यात माजी सैनिकांच्या मुलग्यांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात, परदेशी शिकणाऱ्यांस स्थान नाही.

म्हणून अशा कुटुंबाने निर्णय घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा ताळेबंद मांडावा. मुलाला पदवीसाठी भारतात पाठवून पदव्युत्तर शिक्षण कॅनडात घेता येईल काय, याचा विचार जरूर करावा. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात संरक्षण दलांतील कुटुंबांसाठी राखीव जागा असतात. परंतु तेथे अधिवासाचा दाखला लागतो, आणि तो अटीत बसतो की नाही हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून किंवा पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडून आधीच समजून घ्यावे.

सेवा अमेरिकेच्या सैन्यात झाली असल्यास गोष्ट निराळी आहे. सेवेत मृत्यू पावलेल्या, अथवा सेवेमुळे कायमचे व संपूर्ण अपंगत्व आलेल्या सैनिकाच्या मुलांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारचे जे शैक्षणिक लाभ आहेत, ते मान्यताप्राप्त परदेशी विद्यापीठांतही वापरता येतात. कॅनडातील विद्यापीठ त्या मान्यतेच्या यादीत आहे काय, एवढे प्रथम पाहावे.

अर्जाचा क्रम

१. बारावीच्या वर्षाच्या आरंभीच 'व्हेटरन्स अफेअर्स कॅनडा'कडे विचारणा करून दिवंगत माता-पित्याची नोंद व टक्केवारी लेखी मिळवा. मुख्य कचेरी प्रिन्स एडवर्ड आयलंडवरील शार्लटटाऊन येथे आहे. अर्ज ऑनलाइन खात्यातूनही पाठविता येतो.

२. नोंदीत काही उणे असेल, तर शिक्षणाचा अर्ज करण्यापूर्वी किंवा त्याबरोबरच ते दुरुस्त करण्याची मागणी करा.

३. विद्यापीठांच्या प्रवेश-अर्जाबरोबरच त्यांच्या शुल्कमाफीची विचारणा करा. प्रवेशाचा निर्णय होईपर्यंत थांबू नका.

४. प्रवेश निश्चित होताच पूर्णवेळ नोंदणीचा दाखला आणि शुल्काचे पत्रक खात्याकडे पाठवा.

५. पेन्शन प्लॅन, लीजन आणि प्रांतिक विद्यार्थी-साहाय्य यांचे अर्ज त्याच आठवड्यात करा. प्रत्येकाची मुदत वेगळी असते.

६. प्रत्येक सत्रात उपस्थितीचा व प्रगतीचा दाखला न मागता पाठवा. पुष्कळदा भत्ता थांबतो तो केवळ या एका कागदाअभावी.

कागदपत्रांची थैली

घरात एक स्वतंत्र थैली करून तिच्यात पुढील दस्तऐवजांच्या प्रती ठेवाव्यात:

- माता-पित्याचा सेवाक्रमांक व सेवामुक्तीचा दाखला
- मृत्यूचा दाखला, आणि असल्यास चौकशीचा अहवाल
- अपंगत्वाच्या प्रत्येक निर्णयाचे पत्र, नकाराच्या पत्रांसह
- मुलाचा जन्मदाखला अथवा दत्तकविधानाचा हुकूम
- विवाहाचा दाखला; तो मराठीत असल्यास प्रमाणित भाषांतर
- नावांतील फरकाविषयीचे प्रतिज्ञापत्र

शेवटच्या मुद्द्याकडे मराठी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे वा पतीचे असते, विवाहानंतर काही स्त्रिया नाव बदलतात तर काही बदलत नाहीत, आणि एकाच आडनावाचे इंग्रजी लेखन भावाभावांत भिन्न असते. ही गोष्ट आपल्याला सहज वाटते. कारकुनाला मात्र ती दोन भिन्न माणसे वाटतात. सेवेचे जुने कागद गहाळ झाले असल्यास निराश होऊ नये. पूर्वीच्या सैनिकांच्या सेवापुस्तिका ओटावा येथील राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागारात जतन केलेल्या असतात आणि त्यांची मागणी करता येते.

जेथे पाऊल घसरते

- अर्धवेळ होणे. एक कठीण विषय सोडून दिला की पूर्णवेळ दर्जा जाऊ शकतो. विषय सोडण्यापूर्वी खात्यास विचारा.
- परदेशी सत्र. विनिमय-योजनेखाली परदेशी जाण्यापूर्वी लेखी संमती घ्या.
- मृत्यूचे कारण गृहीत धरणे. आत्महत्येने मृत्यू झाला म्हणून हक्क संपला, असे अनेक कुटुंबे मनातल्या मनात ठरवून मोकळी होतात. युद्धजन्य मानसिक आघात ही मान्यताप्राप्त सेवाजन्य व्याधी आहे. म्हणून निर्णय आपण करू नये, तो खात्याला करू द्यावा.
- योजनांची सरमिसळ. पोलीस व अग्निशामक दलांतील मृतांच्या मुलांसाठी ऑन्टारिओसारख्या प्रांतांत वेगळे निधी आहेत. सैनिकाच्या मुलाने तेथे अर्ज करून वर्ष दवडू नये.
- कराची भीती. पात्र पूर्णवेळ विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती सामान्यतः करमुक्त असते; कराच्या भयाने अर्ज टाळू नये. मात्र प्रत्येक रकमेचे कागद वर्षअखेरीस जपून ठेवावेत.
- दलाल. 'टक्केवारी वाढवून देतो' म्हणून मोबदला मागणाऱ्यांपासून दूर राहा. खाली सांगितलेले साहाय्य विनामूल्य आहे.

नकार आला तर आपले अधिकार

नकाराचे पत्र हा शेवट समजू नये. प्रथम त्यातील कारण शांतपणे वाचावे, आणि नकार कशाला आहे ते ओळखावे.

नकार अपंगत्वाच्या अथवा सेवाजन्य मृत्यूच्या प्रश्नावर असेल, तर 'ब्युरो ऑफ पेन्शन्स अ‍ॅडव्होकेट्स' या सरकारी विभागाचे वकील आपली बाजू विनामूल्य मांडतात. रॉयल कॅनेडियन लीजनचे सेवाधिकारीही, आपण लीजनचे सभासद नसलात तरी, असे साहाय्य करतात. प्रकरण प्रथम फेरतपासणीसाठी आणि नंतर अपिलासाठी 'व्हेटरन्स रिव्ह्यू अँड अपील बोर्ड' या १९९५ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मंडळापुढे जाते. या मंडळाच्या कायद्यातील ३९ वे कलम प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे: पुराव्यातून निघणारे प्रत्येक वाजवी अनुमान अर्जदाराच्या बाजूने काढले पाहिजे, आणि संशय उरल्यास त्याचा फायदा अर्जदारास दिला पाहिजे, असे ते मंडळास बजावते. फौजदारी न्यायालयात आरोपीला मिळणारा संशयाचा फायदा येथे सैनिकाच्या वारसाला मिळतो.

नकार केवळ शिक्षणसाहाय्याच्या एखाद्या अटीवर असेल, तर खात्यांतर्गत फेरतपासणी मागता येते. तिची मुदत थोडी असते, म्हणून पत्राची तारीख पाहून त्याच दिवशी दिनदर्शिकेत अखेरचा दिवस लिहून ठेवावा. आणि वागणूकच अन्यायाची झाली असेल, विलंब असह्य झाला असेल, तर २००७ पासून कार्यरत असलेल्या व्हेटरन्स ऑम्बड्सच्या कार्यालयाकडे दाद मागता येते.

शेवटी एक विनंती

महाराष्ट्रातील अनेक गावांच्या वेशीवर वीरगळ उभे असतात. त्या दगडावर खाली लढणारा वीर, मध्ये त्याला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलोकी पोहोचलेला तोच वीर कोरलेला दिसतो. त्याच्या मागे घरी राहिलेली मुले दगडावर कोठेच दिसत नाहीत. त्यांची व्यवस्था दफ्तरातल्या कागदावर होत असे, आणि आजही ती कागदावरच होते.

म्हणून ज्यांच्या घरी सैन्यातून परतलेले माता-पिता आज हयात आहेत, अशा वाचकांस माझी एवढीच विनंती आहे. या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांच्यापाशी बसा, अपंगत्वाच्या निर्णयाचे शेवटचे पत्र कोणते आणि त्यात किती टक्के लिहिले आहेत ते विचारा, आणि जे दुखणे त्यांनी आजवर कोणाला सांगितले नाही ते सांगण्यास त्यांना धीर द्या. त्या पत्रातील आकडा ४८ च्या खाली असेल आणि एखादी व्याधी नोंदवायची राहून गेली असेल, तर तो अर्ज त्यांच्या स्वतःच्या हाताने, त्यांच्या स्वतःच्या सहीने आजच होऊ द्या.